खाणीच्या पोटातले अरण्य

आमच्यापैकी एकाची भाची अकरा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत तिने घरातल्या सर्वांना संगणकापुढे बसवून आपले ‘शेत’ दाखविले. हे शेत जमिनीवर नव्हते. ‘माइनक्राफ्ट’ या खेळातल्या एका खाणीच्या कडेला तिने उंच छताचे एक लांबट दालन कोरून काढले होते आणि त्यात ओळीने झाडे लावली होती. मातीचा एक ठोकळा, मग दगडाचे दोन, पुन्हा मातीचा एक, अधूनमधून मशाली. सूर्य नाही, पाऊस नाही, वारा नाही. झाडे मात्र एकामागून एक टपकन उभी राहत होती आणि ती तितक्याच वेगाने ती तोडीत होती. घरातले आजोबा बराच वेळ मुकाट्याने पाहत होते. शेवटी म्हणाले, “अगं, पण यांची मुळं कुठं जातात?” ती म्हणाली, “मुळं नसतात, आजोबा. लागतच नाहीत.”

त्या उत्तराने आम्हांला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. बिनमुळाचे, ओळीत उभे राहणारे, खाणीसाठी लावलेले झाड आपण पूर्वी कोठेतरी वाचले आहे, असे सारखे वाटत राहिले. ते कोठे वाचले होते याचा शोध घेताना आम्ही सॅक्सनीतल्या एका चांदीच्या खाणीपर्यंत जाऊन पोहोचलो. प्रस्तुत लेख त्या प्रवासाचा वृत्तान्त आहे.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. मार्कुस पर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने मे २००९ मध्ये हा खेळ पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर देऊन तो बनविणारी कंपनी विकत घेतली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले. एखाद्या कादंबरीच्या एवढ्या प्रती खपल्या असत्या तर आपल्या विद्यापीठांनी एव्हाना तिच्यावर चार चर्चासत्रे घेतली असती. असो. या खेळातील सारे जग एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यांचे बनलेले आहे. डोंगर, नदी, वाळू, कोळसा, झाड, सारे ठोकळेच. ते फोडायचे, गोळा करायचे आणि पुन्हा रचायचे.

या जगात उतरलेला खेळाडू बहुधा सर्वप्रथम झाडापाशी जातो आणि रिकाम्या मुठीने त्याच्या बुंध्यावर प्रहार करू लागतो. चार-दोन क्षणांत ओंडका सुटून हाती येतो. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात, फळ्यांपासून काम करण्याचे मेज आणि काठ्या होतात, आणि त्यांतून लाकडी कुदळ. ही कुदळ हाती येईपर्यंत दगड फोडूनही पदरात पडत नाही. दगडाची कुदळ होईपर्यंत लोखंड मिळत नाही. खेळाच्या नावात खाण आहे खरी, परंतु खाणीचे दार झाडातून उघडते. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज लागणार आहे.

झाड तोडले म्हणजे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. बुंध्याचा खालचा ओंडका काढला तरी वरचा भाग पडत नाही. तो हवेत तसाच तरंगत राहतो. सर्व ओंडके काढले की निराधार झालेली पाने एकेक करून विरतात, आणि विरताना त्यांतून कधी कधी एखादे रोप खाली पडते. ओक, भूर्ज, स्प्रूस अशा झाडांच्या बाबतीत पानांच्या प्रत्येक ठोकळ्यामागे रोप मिळण्याची शक्यता शंभरात पाच आहे. साध्या ओकच्या डोक्यावर पानांचे पन्नासच्या आसपास ठोकळे असतात. म्हणजे सरासरीने एक झाड आपल्यामागे दोन-अडीच रोपे ठेवून जाते. तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या जागी एक लावले, तरी शिल्लक उरतेच. अरण्य कधी संपू नये, अशी व्यवस्था एका टक्केवारीत करून ठेवलेली आहे.

रोपाचे झाड होण्याची रीतही अशीच. खेळाचे जग सोळा ठोकळे लांब, तितकेच रुंद आणि तितकेच उंच अशा घनांत विभागलेले आहे. प्रत्येक घनात ४०९६ ठोकळे. सेकंदाला वीस वेळा खेळाचे घड्याळ टिकटिकते, आणि खेळाच्या मूळ, म्हणजे ‘जावा’ आवृत्तीत, प्रत्येक टिकेला प्रत्येक घनातील तीन ठोकळे चिठ्ठी काढल्याप्रमाणे निवडले जातात. एखाद्या रोपाची चिठ्ठी निघाली आणि तेथे पुरेसा उजेड असला, तर सातात एकदा ते एक पायरी पुढे सरकते. अशा दोन पायऱ्या चढल्या की झाड. आम्ही कागदावर आकडेमोड करून पाहिली: चिठ्ठी सरासरी ६८ सेकंदांनी येते, तीस चौदाने गुणले असता साधारण १६ मिनिटे होतात. खेळातला एक दिवस २० मिनिटांचा असतो. म्हणजे येथे सकाळी लावलेले झाड रात्र उलटण्यापूर्वी तोडता येते. उजेड सूर्याचाच हवा असे नाही, मशालीचाही चालतो. म्हणून तर भाचीचे अरण्य खाणीच्या पोटात उगवू शकले. पाणी लागत नाही. शेजारच्या झाडाशी अन्नासाठी झगडा नाही. आणि माती कितीही पिके काढली तरी थकत नाही.

एवढे नियम कळले की ‘झाडांची कार्यक्षम शेती’ हा प्रश्न उरतो तो केवळ हिशेबाचा. खेळाडूंनी तो हिशेब ज्या क्रमाने सोडविला, त्यातच एक छोटासा इतिहास दडलेला आहे. प्रथम घराभोवती चार रोपे लावण्याची पद्धत होती. मग कोणते झाड लावावे याचा विचार सुरू झाला. ओक हे बेभरवशाचे: बहुतेक वेळा आटोपशीर, पण मध्येच एखादे फांद्या पसरून वाकडेतिकडे वाढते, आणि त्या फांद्या तोडण्यात वेळ जातो. भूर्ज मात्र सदैव सरळ, फांद्यांवाचून, पाच ते सात ओंडक्यांचा. म्हणून भूर्जाच्या ओळी आल्या. (येथे एक अवांतर सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या कुळातील झाडाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी काश्मीरपासून पुढे कितीतरी ग्रंथ लिहून ठेवले, तेच कूळ या खेळात केवळ सरळपणामुळे आवडते झाले आहे. खेळातला कागद उसापासून होतो, सालीला कोणी विचारीत नाही.) चार रोपे चौकोनात लावली असता स्प्रूसचे प्रचंड झाड होते हे २०१३ नंतर कळले. त्याचा बुंधा गोल जिन्यासारखा कोरीत वर चढायचे आणि उरलेला भाग तोडीत खाली उतरायचे, ही युक्ती मग सर्वतोमुखी झाली. हाडांच्या भुकटीचे खत घातले की वाट पाहावी लागत नाही. २०१३ पूर्वी ते हमखास लागू पडे, नंतर शंभरात पंचेचाळीस वेळा. कुऱ्हाडीवर चढविण्याचा एक मंत्रही आहे, त्याचे नावच ‘एफिशिअन्सी’, म्हणजे कार्यक्षमता. त्याच्या पाच पायऱ्या आहेत.

पुढे कुऱ्हाडही गेली. २०११ च्या मध्यास खेळात दट्ट्या आला, जो एका वेळी बारा ठोकळे ढकलू शकतो. उगवलेले झाड यंत्राने ढकलून बाजूला नेता येऊ लागले. काही वर्षांनी, खेळातील एका जुन्या त्रुटीचा लाभ घेऊन फुकटात निर्माण केलेली स्फोटके त्या ढकललेल्या ओंडक्यांवर सोडण्यात येऊ लागली, आणि पाण्याच्या प्रवाहाने लाकूड वाहून पेटीत जमा होऊ लागले. अशा यंत्रात झाड एक-दोन क्षणांपेक्षा अधिक काळ झाड म्हणून राहत नाही. या साऱ्या कारखान्याला एकच काम जमत नाही: रोप लावणे. मूळ खेळात कोणतेही यंत्र रोप लावू शकत नाही. म्हणून खेळाडू एका ठरावीक जागी उभा राहून, हातात रोपांचा गठ्ठा घेऊन, बटण दाबून धरतो आणि बहुधा दुसरेच काही करायला निघून जातो. शेतकऱ्याचा उरला तो फक्त हात.

आता सॅक्सनीकडे वळू. मघाशी आम्ही म्हटले की खाणीचे दार झाडातून उघडते. फ्रायबर्ग या गावाजवळ ११६८ च्या सुमारास चांदी सापडली आणि पुढील कित्येक शतके तेथील डोंगर पोखरले गेले. खाण म्हणजे केवळ दगड नव्हे. बोगद्याचे छत तोलून धरायला लाकूड लागते. खडक तापवून फोडायला लाकूड लागते. पाणी उपसणाऱ्या चाकांना लाकूड लागते. आणि सर्वांत अधिक लाकूड लागते ते धातू गाळणाऱ्या भट्ट्यांच्या कोळशासाठी. चांदीची खाण लाकूड खाते. या प्रदेशाच्या खाण-प्रशासनातील एक वरिष्ठ अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ (१६४५–१७१४) याने १७१३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, वृक्षसंवर्धनावरचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. बी कसे गोळा करावे, कसे पेरावे, रोपे कशी हलवावीत, जमीन कशी निवडावी, हे सारे त्यात आहे. त्याचा मुख्य आग्रह असा, की जितके पुन्हा उगवते तितकेच तोडावे, म्हणजे लाकडाचा वापर अखंड चालू राहील. ‘टिकून राहणारा’ या अर्थाचे जे जर्मन विशेषण त्याने तेथे वापरले, त्याच्यापासून आजच्या ‘शाश्वत’ विकासाच्या परिभाषेची वंशावळ सांगण्यात येते.

या वंशावळीत एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. कार्लोविट्झ हा वनांचा नव्हे, खाणींचा माणूस होता. अरण्य टिकावे ही त्याची इच्छा खरीच होती. परंतु कशासाठी टिकावे, याचे उत्तर भट्टीत होते. शिवाय लाकडाची ‘टंचाई’ हा शब्द त्या काळी कोण उच्चारीत होते, हेही विचारावे लागते. योआखिम राडकाऊ या जर्मन इतिहासकाराने १९८० च्या दशकात हा प्रश्न रोकठोकपणे उपस्थित केला. टंचाईचा सर्वांत मोठा गजर करणारे बहुधा तेच होते ज्यांना अरण्यावर ताबा हवा होता, आणि राजसत्तेच्या भट्ट्यांना पडणारी टंचाई व शेजारच्या खेड्यातल्या चुलीला पडणारी टंचाई या दोन भिन्न गोष्टी होत्या. हा वाद अजून मिटलेला नाही. आमचा कल राडकाऊकडे आहे. मात्र खाणींच्या आसपासच्या पट्ट्यात तरी टंचाई अगदीच काल्पनिक नसावी, असेही वाटते.

कार्लोविट्झनंतरच्या शतकात झाडांचे रूपांतर अंकांत झाले. योहान गोटलीब बेकमान या सॅक्सन वनाधिकाऱ्याची पद्धत फार बोलकी आहे. त्याची माणसे आकारानुसार वेगवेगळ्या रंगांचे खिळे घेऊन रांगेने रानातून चालत जात. प्रत्येक झाडाचा आकार डोळ्यांनी जोखून त्या रंगाचा खिळा त्यात ठोकीत. नेलेल्या खिळ्यांतून उरलेले खिळे वजा केले की रान मोजून झाले. पुढे गेओर्ग लुडविग हार्टिग (१७६४–१८३७) आणि हाइनरिश कोट्टा (१७६३–१८४४) यांनी या मोजणीला शास्त्राचे रूप दिले. अमुक वयाच्या, अमुक जमिनीवरच्या झाडात किती घनफूट लाकूड असते, याचे तक्ते तयार झाले. तक्त्यांसाठी एक प्रमाण झाड लागले, आणि ते प्रत्यक्षात कोठेच उभे नव्हते. ते अनेक झाडांच्या सरासरीतून निघालेले होते. १८२६ मध्ये योहान ख्रिस्टियान हुंडेसहागेन याने संपूर्ण ‘प्रमाण अरण्या’ची कल्पना मांडली: सर्व वयांचे वाफे समान क्षेत्राचे, दरवर्षी एक वाफा तोडायचा, एक लावायचा. एकदा कागदावरचे अरण्य सिद्ध झाल्यावर जमिनीवरच्या अरण्याने त्याच्यासारखे व्हावे ही अपेक्षा ओघानेच आली. बीच, ओक आणि इतर झाडांची सरमिसळ गेली; त्या जागी एकाच वयाच्या स्प्रूसच्या सरळ ओळी आल्या. फांद्या कमी, खोड सरळ, वाढ झपाट्याची. भाचीने ज्या कारणासाठी ओक सोडून भूर्ज धरला, नेमके तेच कारण.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या दशकांत हे तक्ते आखले जात होते, त्याच दशकांत जर्मन स्वच्छंदतावाद गहन अरण्याचे गाणे गात होता. लुडविग टीकने ‘अरण्यातले एकाकीपण’ हा शब्द १७९७ मध्ये आपल्या एका कथेत घडविला. ग्रिम बंधूंच्या कथांचा पहिला खंड १८१२ चा. कवी नोवालिस तर १७९७ च्या अखेरीस फ्रायबर्गच्याच खाण-अकादमीत शिकायला गेला आणि पुढे मिठागरांच्या प्रशासनात नोकरी करू लागला. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीतला वृद्ध खाणकामगार आणि ते निळे फूल एकाच लेखणीतून उतरले. एकीकडे तक्ता आणि दुसरीकडे कविता अशी सोपी विभागणी करण्याचा मोह होतो. नोवालिस ती करू देत नाही. तक्ता आखणाऱ्यांच्या शाळेतूनच कविता आलेली होती. खुद्द कोट्टाचे पाहा. १८१७ च्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी तो अशा अर्थाचे लिहितो, की माणसे जर्मनी सोडून गेली तर शंभर वर्षांत सारा देश पुन्हा झाडांनी भरून जाईल, आणि वनशास्त्राची गरज भासते ती माणूस तेथे आहे म्हणून. आपल्या शास्त्राचा असा उगम मान्य करणारा शास्त्रज्ञ विरळा.

या ओळींचे पुढे काय झाले? पहिल्या पिढीचे स्प्रूस उत्तम वाढले. त्यांना जुन्या मिश्र अरण्याने शेकडो वर्षे साठविलेली माती आयती मिळाली होती. झाडाची एक फेरी ऐंशी ते शंभर वर्षांची. म्हणजे चुकीचे फळ दिसायला लावणाऱ्याचा नातू म्हातारा व्हावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अनेक ठिकाणी वाढ खुंटली. १९२० च्या दशकात सॅक्सनीतल्याच वनशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. दोष एकट्या स्प्रूसचा नव्हता. खाली पडलेला पाला जनावरांच्या गोठ्यासाठी वर्षानुवर्षे झाडून नेण्याचाही त्यात वाटा होता. पण सुयांचा आम्लधर्मी थर मातीला बदलवितो, एकाच जातीच्या रानात वादळ आणि कीड यांना अडवणारे काही उरत नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. म्युनिकच्या कार्ल गायर याने मिश्र अरण्याचा पुरस्कार करणारे पुस्तक १८८६ मध्येच लिहिले होते. २०१८ पासूनच्या दुष्काळी वर्षांत हार्त्स पर्वतातले स्प्रूस सालकिड्यांनी असे मारले की डोंगरच्या डोंगर करडे झाले. हार्त्स हाही जुन्या चांदीच्या खाणींचा मुलूख.

आता पुन्हा खेळाकडे पाहिले तर एक तपशील आम्हांला विलक्षण वाटतो. चार रोपांचे मोठे स्प्रूस उगवले की भोवतालची माती रंग बदलते. तिच्या जागी तपकिरी रंगाचा जो ठोकळा येतो, त्याचे नाव खेळाच्या निर्मात्यांनी ‘पॉडझोल’ असे ठेवले आहे. हा शब्द त्यांनी बनविलेला नाही. तो रशियन शेतकऱ्यांचा. ‘राखेखालची’ अशा अर्थाचा. वसिली डोकुचायेव (१८४६–१९०३) याने तो मृदाशास्त्रात आणला. सूचिपर्णी अरण्यांखाली पावसाबरोबर आम्ल झिरपून वरच्या थरातले लोह वगैरे खाली वाहून जाते आणि राखेसारखा फिकट, निकस थर उरतो, ती ही माती. म्हणजे स्प्रूस मातीचे काय करतो, हे खेळाला ठाऊक आहे! परंतु ठाऊक आहे ते केवळ रंगापुरते. पॉडझोलवर पुन्हा स्प्रूस लावा, ते पूर्वीइतकेच वाढते. उलट त्या ठोकळ्यावर अळंबी कोणत्याही उजेडात टिकते, एवढा लाभच होतो. निकस मातीचे नाव घेतलेले आहे, निकसपणा घेतलेला नाही. एखाद्या कादंबरीत गावाचे नाव खरे असावे आणि गावातली माणसे मात्र वगळलेली असावीत, तसे हे झाले.

माणसांचाच प्रश्न निघाला आहे तर तोही पाहू. मोजलेल्या अरण्यात लाकडावाचून जे होते (चारा, पाला, मध, डुकरांसाठी ओकची फळे, काटक्या) ते तक्त्यात नव्हते, म्हणून ते हळूहळू गुन्ह्याच्या सदरात गेले. तरुण कार्ल मार्क्सने १८४२ च्या शरद ऋतूत ऱ्हाइन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावर लेखमाला लिहिली, ती या वाळक्या काटक्यांविषयी होती. ही वनविद्या तेथून आपल्याकडे आली, आणि तीही थेट. बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले. त्यांच्यामागून आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉपही जर्मनच. १८७८ च्या कायद्याने राखीव अरण्यांच्या सीमा आवळल्या. ब्रँडिस निवृत्त झाले ते १८८३ साल. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात वनखात्यावर जो प्रहार आहे, तो आपल्या अभ्यासक्रमात बहुधा ओझरता वाचला जातो. थोड्या जमिनीचा शेतकरी रानातली फळे खाऊन, पाने-फुले आणि लाकूडफाटा विकून, दोन गाई-चार शेळ्या चारून कसाबसा तग धरीत असे. नव्या खात्याने डोंगर-दऱ्या-कुरणे सारी आपल्या घशात घालून त्याचा तो आधार काढून घेतला, असे जोतीरावांचे म्हणणे. फ्रायबर्गच्या तक्त्यात जो रकाना नव्हता, तो येथे मराठी गद्यात भरून निघाला आहे. वनविद्येच्या इतिहासात ‘असूडा’चे हे पान कार्लोविट्झच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे, असे आमचे मत आहे.

खेळात हा शेतकरी नाही. खेळातल्या गावांत गावकरी असतात, ते गहू-बटाटे पिकवितात. पण गावाशेजारचे सारे रान तोडून नेले तरी त्यांपैकी एकही तक्रार करीत नाही. तक्रार उद्भवते ती अनेक खेळाडू एकाच जगात राहू लागले म्हणजे. डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेले, ‘टू बी टू टी’ या नावाने प्रसिद्ध असलेले एक सामायिक जग आहे. तेथे नियम जवळजवळ नाहीत. नवागत ज्या मध्यबिंदूपाशी जन्म घेतो त्याच्या भोवतालचा मुलूख असंख्य खेळाडूंनी तोडून, जाळून, फोडून उजाड केला आहे. मुठीने मारायला पहिले झाड मिळण्यासाठी तेथे मैलोगणती चालावे लागते, आणि झाड मिळेपर्यंत काहीच करता येत नाही. पानामागे शंभरात पाच रोपे मिळण्याचा नियम तेथेही लागू आहे. रोप पडते, ते लावायला कोणी मागे थांबत नाही, एवढेच.

कार्यक्षम शेती आम्ही वाईट मानतो, असा समज होऊ नये. ज्याला लाकडाचा किल्ला बांधायचा आहे त्याने दोन हजार झाडे एकेक करून तोडावीत, असा आग्रह आम्ही धरणार नाही; आमच्यापैकी काहींनी त्या स्फोटक यंत्राची रचना कौतुकाने तासभर पाहिली आहे. जेम्स स्कॉट यांनी १९९८ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाचा आरंभ याच जर्मन अरण्याने केला, आणि तेव्हापासून ते अरण्य राज्यसंस्थेच्या आंधळेपणाचे ठरीव उदाहरण होऊन बसले आहे. आम्हांला तेवढे पुरेसे वाटत नाही. कोट्टा आंधळा नव्हता. थारांट येथे त्याने जी वनशाळा चालविली, तिच्याजवळच तो पुरलेला आहे. त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त तेथे ऐंशी झाडे लावण्यात आली, ती स्प्रूसची नव्हती. ओकची होती.

भाचीच्या शेतात मध्यंतरी एक घडामोड झाली. २०१९ च्या अखेरीस खेळात मधमाश्या आल्या आणि त्यांच्याबरोबर एक नवा नियम आला: ओक किंवा भूर्जाच्या रोपापासून दोन ठोकळ्यांच्या आत फूल असेल, तर उगवणाऱ्या झाडाला शंभरात पाच वेळा मधाचे पोळे लागलेले असते. मशालींच्या उजेडातल्या त्या दालनात तिने मातीच्या रिकाम्या ठोकळ्यांवर तांबडी फुले लावली. पुष्कळ झाडे तोडल्यावर एका भूर्जाला पोळे लागले. ते झाड ती आता तोडीत नाही. त्यामुळे त्या ओळीतून सरळ धावत जाता येत नाही, वळसा घालावा लागतो, आणि तिच्याच हिशेबाने प्रत्येक फेरीला काही ओंडके कमी पडतात. आजोबा संध्याकाळी फोन करतात तेव्हा झाडांचे विचारीत नाहीत. “माश्या आत अंधारात राहतात का गं?” असे विचारतात. ती सांगते, “अंधार नाही, आजोबा. मशाली आहेत.”